‘आमचे चुकले’ म्हणजे काय?

हल्ली आमच्या देवळाच्या सभामंडपातही एक वाक्य ऐकू येते : “योग्य काय, अयोग्य काय, हा शेवटी ज्याच्या त्याच्या भावनेचा प्रश्न.” बोलणाऱ्यास कल्पना नसेल, परंतु या मताला धारदार रूप दिले ते इंग्लंडात ए. जे. एअर यांनी, १९३६ साली, वयाच्या पंचविशीत. त्यांचे म्हणणे असे की, ‘तू पैसे चोरलेस हे वाईट केलेस’ यात ‘तू पैसे चोरलेस’ याहून अधिक माहिती काहीच नाही. ‘वाईट’ हा केवळ नापसंतीचा सूर होय.

नीतिवाक्यात भावना असते, हे कोण नाकारील? पण आम्हा वकिलांना युक्तिवादाचे सांधे तपासण्याची खोड असते. ‘पावती न देता देणगी घेणे वाईट असेल, तर ती कारकुनाकरवी घेवविणेही वाईट.’ येथे ‘असेल तर’ म्हणणारा कोणावरही रागावलेला नाही. तरीही त्यावरून बिनचूक निष्कर्ष निघतो. नुसत्या हुंकारातून निष्कर्ष कसा निघावा? पीटर गीच यांनी १९६५ साली या स्वरूपाचा आक्षेप घेतला. त्याला उत्तरे पुष्कळ झाली. मला एकही पटलेले नाही.

एअरसाहेब आणखी सांगतात की, नीतीचे वाद वस्तुतः माहितीविषयीचेच असतात. वाचकहो, १९४७ च्या मे महिन्यातील पंढरपूर आठवा. हरिजनांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणास बसले होते. पायरीशी कोणाला अडविले जाते, ही माहिती दोन्ही पक्षांस होतीच. विरोधकांची भावनाही काही कमी तीव्र वा कमी प्रामाणिक नव्हती. भावनाच तोलायच्या, तर निवाडा कशाने करावयाचा? पुढे ज्यांची मते पालटली, ते ‘आमची आवड बदलली’ असे म्हणत नाहीत. ‘आमचे चुकले’ असे म्हणतात. काल कारले आवडत नव्हते, आज आवडते, यात कालची चूक कोणती? चूक व्हावयास, आपल्या आवडीहून निराळे असे काहीतरी असावे लागते.

सभामंडपातील आमचे ते स्नेही पुढल्याच वाक्यात, पूजेच्या पाळीत आपल्यावर अन्याय झाल्याचे सांगू लागले. आधारासाठी त्यांनी आजोबांच्या हातची जुनी वही आणली होती. आपल्या नापसंतीला वहीचा आधार कशाला लागतो, हे त्यांना विचारायचे राहून गेले.