बर्फाचा हिशेब



उन्हाळा आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पन्ह्याचं आणि कोकम सरबताचं प्रमाण विचारलेलं असतं. यंदा एका भगिनीचा प्रश्न जरा निराळा आहे. त्यांच्या यजमानांना मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी दुपारची दूध-साखरेची कोल्ड कॉफी बंद केली. मुलीने पहिल्या पगारातून एस्प्रेसोचं मशीन आणून दिलं आणि “बाबांना बर्फ घालून काळी कॉफी देत जा,” असं सांगून ती नोकरीच्या गावी गेली. पण कॉफी काही जमेना. “हे कसलं गं काळं पाणी!” म्हणून यजमान पेला बाजूला सारतात, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून थंड पेयाची बाटली उघडतात. मशीन सध्या विणलेल्या कव्हराखाली बसलं आहे.

प्रश्न कॉफीचा दिसला तरी आहे पथ्याचा. पथ्याचा पदार्थ बेचव झाला की माणूस चोरून खातो-पितो, हे घर चालवणारीला कुणी सांगायला नको. तेव्हा ही कॉफी चांगलीच झाली पाहिजे.

आधी एक खुलासा. लग्नाच्या मांडवात वाफेच्या नळीने फसफसवून, वर चॉकलेटची पूड भुरभुरून जी ‘एस्प्रेसो’ मिळायची ती दुधाची कॉफी. खरी एस्प्रेसो इटलीची. तूरिन शहरात १८८४ साली आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. आजच्या पद्धतीत बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी सुमारे ९ बार दाबाने ढकललं जातं. १८ ग्रॅम पुडीतून साधारण ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत पेल्यात उतरते. हा झाला दुहेरी घोट. अगदी अर्कच म्हणा ना!

दूध-साखरेच्या कॉफीत झाकली मूठ सव्वा लाखाची असते. काळ्या थंड कॉफीत मात्र सगळं उघडं पडतं, म्हणून पुडीपासून सुरुवात करू. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा आणि बिनचिकोरीची कॉफी घ्या. भाजणी मध्यम असावी, पाकीट लहान असावं, आणि घरी आल्यावर पूड घट्ट झाकणाच्या डब्यात जावी. अरेबिका चवीला सौम्य असते. रोबस्टा जास्त कडू, आणि तिच्यात कॅफिनही जवळजवळ दुप्पट.

मशीन चालू केलं की घड्याळाकडे पाहा. कॉफी दहा-बारा सेकंदांत धो धो आली तर ती आंबट आणि पाणचट लागणार; पूड आणखी बारीक हवी. पाऊण मिनिट झालं तरी थेंब थेंबच पडत असेल तर ती कडूजहर होणार. पूड थोडी जाड करा. हे एकदा बसलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम बर्फाचं, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. बर्फ आपण थंडावा म्हणून घालतो, पण पेल्यात तो पाणी होऊन बसतो. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत खडूने फळ्यावरच हिशेब मांडला. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो (वजन वाढवणाऱ्या कॅलऱ्या त्या वेगळ्या, बरं का!). ३६ ग्रॅम कॉफी ७० अंशांवर असताना थेट बर्फावर ओतली, तर तिला पुरतं थंड करायला ३० ग्रॅमहून अधिक बर्फ विरघळतो. म्हणजे कॉफीइतकंच पाणी न बोलावता पेल्यात आलं! तीच कॉफी आधी ३० अंशांपर्यंत निववली तर १३-१४ ग्रॅम बर्फात काम भागतं. पत्रलेखिका भगिनी गरम कॉफीवर ग्लास काठोकाठ भरेल इतकं पाणी घालतात आणि वर बर्फ टाकतात. मग यजमान ‘काळं पाणी’ म्हणतात त्यात त्यांचं काय चुकलं?

यावर कुणी म्हणेल, कॉफी ओट्यावर ठेवून आपोआप निवू द्यावी. तसं नको. तासभर उघड्यावर राहिली की तिचा वास उडतो आणि मागे नुसता उग्रपणा राहतो. निववायची ती झटपट.

आता कृती सांगते. एका माणसापुरतं प्रमाण आहे.

१. स्टीलची वाटी मशीनखाली ठेवून तिच्यात दुहेरी एस्प्रेसो घ्या. स्टीलमधून उष्णता लवकर निघून जाते, आणि काच तडकण्याची भीती नाही.

२. ही वाटी गार पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवून दोन मिनिटं चमच्याने ढवळा. बाहेरचं पाणी वाटीत येऊ देऊ नका.

३. पेल्यात फ्रीजमधलं गार पाणी ८० ते ९० मिली घ्या. त्यात बर्फाचे चार-पाच मोठे खडे टाका. चुरा नको, तो भराभर वितळतो.

४. वरून कॉफी ओता, एकदाच ढवळा आणि लगेच प्यायला द्या.

पहिल्या दिवशी पाणी ६० मिलीच घाला आणि चव पाहून वाढवा. पाणी मागाहून घालता येतं, काढता येत नाही. आमटीचा नियम इथेही लागू.

बर्फाचं आणखी एक. फ्रीजरमध्ये शेजारी बोंबील किंवा चिरलेला कांदा असेल तर बर्फाला तो वास लागतो आणि कॉफीत हमखास उतरतो. ट्रे झाकून ठेवा, आणि बर्फ नेहमीच्या पिण्याच्या पाण्याचाच करा.

ज्यांना दुधावाचून कॉफी रोडकी वाटते त्यांच्यासाठी इटलीतलीच एक युक्ती आहे. तिथे उन्हाळ्यात ‘शाकेराटो’ करतात. निववलेली कॉफी आणि बर्फ झाकणाच्या बरणीत घालून दहा-बारा वेळा जोरात हलवायचं आणि गाळून पेल्यात ओतायचं. वर छान फेस येतो आणि घोट भरदार लागतो. यात बर्फ जास्त वितळतो, म्हणून वेगळं पाणी घालू नका. आणि गरम कॉफी बंद बरणीत हलवायची नाही हं, वाफेने झाकण उडतं.

साखरेविषयी. थंड पदार्थात गोडी कमी जाणवते. वितळलेलं आइस्क्रीम किती गोडमिट्ट लागतं, आठवून पाहा! म्हणूनच थंड पेयांत नकळत साखर जास्त पडते. मधुमेहाच्या माणसाने ती टाळावी, आणि कडूपणा बोचत असेल तर मिठाचे चार-दोन कण घालून पाहावेत. मिठाने कडवटपणा दबतो. काही जणांच्या रक्तातली साखर कॉफीनेही वरखाली होते, म्हणून रोजचा पेला सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावं. घरात इतरांना साखर हवी असेल तर ती गरम कॉफीतच विरघळवा, थंडीत ती तळाशी बसते.

मशीन नसलेल्या मैत्रिणींनी नाराज होऊ नये. गॅसवर ठेवायचा मोका पॉट इटलीतच १९३३ साली निघाला. त्याचा दाब एस्प्रेसोपेक्षा बराच कमी असतो, पण कॉफी चांगली दाट होते. पाणी आतल्या झडपेच्या खाली राहू द्या, पूड दाबू नका, गॅस मंद ठेवा आणि गुडगुड आवाज येताच बंद करा. ती ६० मिली कॉफी निववून घेतली तर गार पाणी ५० मिली पुरे.

शेवटी स्वतःपुरती गोष्ट, कारण यजमानांसाठी केलेली कॉफी आपणही पिणारच! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. कॉफी आणि चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर दोन्ही टाळायला सांगितलं आहे. दिवसभरात ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको, असंही त्यांत आहे. आपल्या एका पेल्यात साधारण १२० ते १३० मिलिग्रॅम असतं, शिवाय दिवसाचे चहा असतातच. गरोदर बाईने २०० च्या आतच राहावं. झोप नाजूक असेल तर चारनंतर कॉफी नको.

तेव्हा दुपारचं जेवण एकला आटोपलं असेल तर अडीच-तीनची वेळ उत्तम. धुणी वाळलेली असतात, मुलं शाळेतून यायची असतात. दोन पेले करा, एक त्यांना, एक तुम्हाला. आणि हो, तुमचा पेला बर्फ वितळायच्या आत बसून प्या. उभ्याउभ्या ओट्याशी नको.