हलता कामा नये!

मुलांनो, भद्रावतीचा मातीचा सुंदर कप पुण्याच्या मावशीला पार्सलनं पाठवायचाय. कशात गुंडाळाल? तुम्ही म्हणाल, "भरपूर कागदात!" थांबा. आधी एका अवाढव्य पार्सलची गोष्ट ऐका.

गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचा तालुक्यात, प्राणहिता नदीकाठी कोटा नावाचं गाव आहे. तिथल्या खडकांच्या थरांना या गावाचंच नाव मिळालंय. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या याच थरांत १९६० च्या सुमारास कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांना एका प्रचंड डायनोसॉरची सुमारे ३०० हाडं सापडली. १९७५ साली त्याचं बारसं झालं, 'बारापासॉरस टागोराय'. बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय. आणि १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष, म्हणून पुढचं नाव त्यांचं! आज त्याचा सांगाडा कोलकात्यात त्या संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

अशी जीवाश्म हाडं दगडासारखी जड असतात, पण त्यांना बारीक तडे गेलेले असतात. एक तुकडा हरवला, तर त्याबरोबर माहितीही हरवते, आणि दुसरं तसं हाड बाजारात मिळत नाही. मग ती हलवायची कशी? शास्त्रज्ञ आधी हाडावर ओला कागद लावतात, म्हणजे प्लास्टर हाडाला चिकटत नाही. त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात. हाड लांब असेल तर लाकडी पट्टीचा आधार देतात. अगदी मोडलेल्या हाताला डॉक्टर घालतात तसं! त्यामुळे आतला एकही तुकडा जागचा हलत नाही.

आपल्या कपालाही हाच नियम. वस्तू बहुधा फुटते ती खोक्यात इकडून तिकडे आपटून. म्हणून बाहेरचं खोकं टणक हवं, ओझं सोसणारं. आतलं भरण मऊ हवं, धक्का गिळणारं. आणि रिकामी जागा कुठेच नको.

भरण कोणतं घ्याल? आपल्याकडे धानाचं तणस मुबलक. त्याच्या काड्या पोकळ असतात, त्यांत हवा असते, म्हणून त्या दबतात आणि धक्का झेलतात. पण तणस खणखणीत वाळलेलं हवं, नाहीतर बुरशी धरेल. परदेशी पाठवायचं असेल तर तणस नकोच; त्यातून कीड जाऊ शकते, म्हणून पुष्कळ देश ते येऊ देत नाहीत. रद्दी कागद घ्याल तर घडी करू नका, चुरगाळा. चुरगळल्यावरच त्यात हवा राहते. लाकडाचा भुसा हलक्या वस्तूंना ठीक, पण जड वस्तू हळूहळू त्यातून खाली सरकते आणि तळाला टेकते. फुगेवाला प्लास्टिकचा कागद म्हणजेही बंदिस्त हवाच. १९५७ साली अमेरिकेत दोघांनी तो बनवला, तो भिंतीला चिकटवायचा शोभेचा कागद म्हणून!

कप एकेक वेगळा गुंडाळा. पोटातही कागद भरा. कान असेल तर त्याला जास्त जपा. पावसाळ्यात खोक्याला प्लास्टिकचं आवरण घाला. खोकं बंद करून हळूच हलवा. आत खुडखुड झाली? उघडा आणि आणखी भरा. 'नाजूक' असं जरूर लिहा, पण त्या शब्दावर विसंबू नका. अक्षरं धक्का झेलत नाहीत!

आता एक प्रयोग. एक कच्चं अंडं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, तणस भरलेल्या खोक्यात ठेवा आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडा. मग चुरगाळलेल्या कागदात, मग भुशात. कोण जिंकलं, ते वहीत लिहून ठेवा. आणि हो, अंडी आईला विचारूनच घ्या बरं!