घटत्या तेलदाबाचा अर्थ

घरी बांधलेल्या विमानात माझदाचे १३बी रोटरी इंजिन बसवणाऱ्यांच्या तक्रारींमध्ये तेलाचा दाब हळूहळू उतरण्याची तक्रार मला सर्वांत फसवी वाटते. दाब एकदम शून्यावर आला तर वैमानिकापुढे पर्याय उरत नाही, तो उतरायची जागा शोधू लागतो. पण तोच दाब ७० पीएसआयवरून साठावर, साठावरून पंचावन्नावर असा काही आठवड्यांत सरकला, तर माणूस प्रत्येक नव्या आकड्याला सरावतो आणि ‘या इंजिनाचा दाब असाच असतो’ अशी स्वतःची समजूत घालतो. ही समजूत तांत्रिकदृष्ट्या का चुकीची आहे, हे इंजिनातल्या तेलाच्या वाटेने गेल्याशिवाय कळत नाही.

मुळात हे मोटारीचे इंजिन. वान्केल पद्धतीचे, दोन रोटरांचे, १३०८ घनसेंटिमीटरचे. वरखाली होणारे पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, आकाराच्या मानाने ताकद भरपूर. म्हणून अमेरिकेतील हौशी विमानबांधणाऱ्यांना ते आकर्षक वाटत आले आहे. विमानांसाठीच बनवलेली लायकमिंगसारखी इंजिने साधारण २७०० फेऱ्यांवर प्रोपेलर थेट फिरवतात, तर १३बीला तेवढी ताकद देण्यासाठी मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेऱ्या घ्याव्या लागतात. त्यामुळे इंजिन आणि प्रोपेलर यांच्यामध्ये वेग कमी करणारा गिअरबॉक्स येतो, आणि अनेक रचनांत तो इंजिनाच्याच तेलावर जगतो. वंगणाचा एकच स्रोत आणि त्यावर अवलंबून असलेल्या दोन यंत्रणा, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

तेलाचा प्रवास असा. एक्सेंट्रिक शाफ्टच्या पुढच्या टोकाकडून साखळीने फिरणारा पंप सम्पमधून तेल उचलतो. ते इंजिनाच्या पुढच्या भागातून बाहेरच्या कूलरकडे जाते, तिथून मागच्या बाजूला परतून फिल्टरमधून मुख्य मार्गात शिरते आणि बेअरिंगांपर्यंत पोहोचते. शाफ्ट पोकळ आहे. त्यातल्या छिद्रांतून तेलाचे फवारे रोटरच्या पोटात उडतात आणि रोटर थंड ठेवतात. इंजिनातून काढून टाकायच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश वाटा तेल वाहून नेते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या फवाऱ्यांच्या तोंडाशी स्प्रिंगवर टेकलेला एक लहान चेंडू असतो आणि पुरेसा दाब मिळाल्याशिवाय तो वाट मोकळी करत नाही. म्हणजे या इंजिनात दाब घटला की वंगण आणि शीतन दोन्हींवर एकाच वेळी घाला येतो.

आता मुख्य मुद्दा. मागच्या बाजूला दाबनियंत्रक व्हॉल्व्ह असतो, अनेक मूळ इंजिनांत सुमारे ७० पीएसआयला उघडणारा. पंप गरजेपेक्षा अधिक तेल देतो आणि जास्तीचे तेल हा व्हॉल्व्ह सम्पकडे परत पाठवतो. बेअरिंगे झिजून त्यांतून निसटणारे तेल वाढले, तर व्हॉल्व्ह तेवढेच कमी परत पाठवतो, आणि काटा मात्र ७० वरच राहतो. शिलकीवर चाललेल्या घरातला तुटवडा शिल्लक संपेपर्यंत बाहेर दिसत नाही, तसेच हे आहे. म्हणून क्रूझमध्ये, इंजिन गरम असताना, भरपूर फेऱ्यांवर दाब साठावर आला असेल, तर ‘दहा पीएसआय कमी झाला’ हे त्याचे वाचन अपुरे आहे. एक तर व्हॉल्व्ह स्वतःच कचऱ्याने अर्धवट उघडा अडकला आहे किंवा त्याची स्प्रिंग थकली आहे, नाही तर पंपाचा सगळा अधिकचा पुरवठा कुठे तरी खर्ची पडू लागला आहे. दुसऱ्या शक्यतेत यापुढची प्रत्येक झीज थेट काट्यावर उतरेल, आणि उतरण्याचा वेगही आधीसारखा मंद राहील असे मानायला आधार नाही.

याचमुळे शोधाची सुरुवात दाब कधी पडतो या प्रश्नाने करावी. किती पडतो हे नंतर. थंड इंजिनात ठीक आणि गरम झाल्यावर, विशेषतः कमी फेऱ्यांवर घसरण, याचा अर्थ बहुधा निसटते तेल: वाढलेली बेअरिंगांतील फट, अतितापाने किंवा पेट्रोल मिसळल्याने पातळ झालेले तेल, किंवा शाफ्टच्या पुढच्या टोकातील उष्णतेने फुगणारी गोळी. ही गोळी थंड असताना तेलाला पळवाट देते, जेणेकरून रोटर लवकर तापावेत, आणि गरम झाल्यावर फुगून पळवाट बंद करते. ती निकामी झाली की पळवाट कायम उघडी राहते. बरेच जण म्हणूनच तिच्या जागी धातूचा भरीव तुकडा बसवतात. फेऱ्या वाढवल्यावर दाब वाढण्याऐवजी ढासळला किंवा काटा थरथरू लागला, तर मात्र शोषणाची बाजू पाहावी: गच्च झालेली जाळी, पिकअप नळीच्या गास्केटमधून आत ओढली जाणारी हवा, किंवा फेसाळलेले तेल. नाक वर केल्यावर किंवा घसरत्या वळणात दाब पडत असेल, तर संशय सम्पवर घ्यावा. काउलिंगखाली मावावा म्हणून उथळ केलेल्या सम्पमध्ये तेल एका बाजूला गेले की पिकअप उघडा पडतो. आणि नुकतेच उघडून जोडलेले इंजिन पहिल्या दिवसापासून सर्व फेऱ्यांवर कमी दाब दाखवत असेल, तर पुढच्या आवरणातून जाणाऱ्या तेलमार्गाची ओ-रिंग जागेवर आहे का, हे आधी तपासावे. ती निसटली तर तेल आतल्या आत सम्पमध्ये पडते. बाहेर एक थेंबही दिसत नाही.

गेजवर अविश्वास दाखवणे रास्त आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. सेन्सर कंपनांपासून वाचवण्यासाठी फायरवॉलवर नेला आणि त्याच्या बॉडीतून मिळणारे अर्थिंग तुटले, तर आकडा खोटा येतो. त्याहून घातक चूक म्हणजे सेन्सर कूलरच्या आधी बसवणे: कूलर किंवा होज तुंबली तरी अलीकडचा दाब उत्तम दिसतो आणि पलीकडे बेअरिंगे उपाशी राहतात. फिल्टरनंतरच्या मुख्य मार्गावर यांत्रिक गेज थेट जोडून जमिनीवर इंजिन पूर्ण गरम करून पाहणे, ही पहिली चाचणी. दोन्ही गेज सहमत असतील, तर ‘सेन्सरच खराब असेल’ हा युक्तिवाद तिथे संपला पाहिजे.

प्रत्यक्षात मात्र दोन सोपे उपाय आधी होतात. एक म्हणजे जाड तेल घालणे, जे आपल्याकडच्या गॅरेजांतही सर्रास सुचवले जाते. दुसरा, नियंत्रकाच्या स्प्रिंगमागे वॉशर टाकणे. जाड तेल फटीतून कमी निसटते, म्हणून काटा चढतो, पण फट तशीच राहते. वॉशरने व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. पण पंपाकडे जास्तीचे तेलच उरले नसेल, तर त्याने काही साधत नाही, आणि उरले असेल, तर वाढलेला आकडा खरे कारण झाकून टाकतो. दाब हे प्रवाह आणि अडथळा यांचे संयुक्त फलित आहे. फवाऱ्याचे छिद्र तुंबले तरी दाब वाढतोच. आकडा दुरुस्त करणे ही इंजिनाची दुरुस्ती नाही, आणि घरच्या हँगरमध्ये बांधणारा, तपासणारा व उडवणारा एकच असल्याने हा फरक दाखवून देणारे दुसरे कोणी बहुधा नसते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली हौशी बनावटीच्या विमानांवर केलेल्या अभ्यासात इंजिन व त्याच्या यंत्रणांचे बंद पडणे आणि नियंत्रण सुटणे ही अपघातांची दोन ठळक कारणे म्हणून पुढे आली. २०११ मध्ये तपासलेल्या अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने मालकांनी स्वतः बांधलेली नसून विकत घेतलेली होती. नव्या मालकाला स्प्रिंगमागचा वॉशर दिसत नाही. त्याला ७० पीएसआय दिसतात.

पुराव्याची शेवटची जागा फिल्टर. तो कापून घडीचा कागद उलगडा, पिळून तेल काढा आणि भिंगाखाली पाहा. लोहचुंबकाला चिकटणारा चुरा साखळी किंवा गिअरचा असू शकतो. न चिकटणारे करडे, चपटे पापुद्रे बेअरिंगच्या वरच्या थराचे, आणि त्यांत तांबूस झाक असेल, तर झीज खालच्या थरापर्यंत पोहोचली आहे. अशा वेळी आणखी एक चाचणी-उड्डाण करण्याने काहीही नवे कळत नाही. बेअरिंगवरील तेलाचा पातळ पडदा तुटला की तापमान वाढते, तापमानाने तेल आणखी पातळ होते, आणि त्याच तेलावरचा गिअरबॉक्सही त्याच क्षणी संकटात येतो.

गरम इंजिनाचा, ठरलेल्या फेऱ्यांवरचा दाब आणि त्या वेळचे तेलाचे तापमान प्रत्येक उड्डाणानंतर लिहून ठेवा. नोंदीत उतार दिसला, तर कारण हातात येईपर्यंत विमान हँगरबाहेर काढू नका.