नोटेवरचे दोन प्राणी

परवा ताईकडे जेवायला गेले होते. भाचा ॲक्सोलॉटलचं गुलाबी बाहुलं कुरवाळत बसला होता. (मेक्सिकोचा सॅलॅमँडर हो, डोक्यामागे झालरीसारखे कल्ले असलेला. तुटलेला पाय पुन्हा उगवतो याचा.) मी म्हटलं, बिचारा संपत चाललाय. तर भाऊजी लगेच, "संपतोय कसला? लोक पेटीत पाळतात, प्रयोगशाळांत तर ढिगाने आहेत!"

तोंडात घास होता म्हणून गप्प बसले. आता बोलते.

भाऊजी, पेटीतले मोजायचेच नाहीत. त्याचं घर म्हणजे मेक्सिको सिटीतले सोचिमिल्कोचे कालवे. तिथे १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० होते, २०१४ साली ३६. सहा हजारांचे छत्तीस! एक तर शहराचं सांडपाणी, त्यात माणसांना खायला म्हणून मुद्दाम सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे. ते याची अंडी-पिल्लं फस्त करतात.

आता ब्राझीलचं सोनेरी माकड बघा, गोल्डन लायन टॅमरिन. १९७०च्या दशकात रानात जेमतेम दोनशेच्या आसपास उरली होती. १९८४पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली रानात सोडली, पण नुसती सोडून हात झटकले नाहीत. झाडं लावून जंगलाचे तुकडे जोडले, हमरस्त्यावरून खास प्राण्यांसाठी झाडांचा पूल बांधला. मध्ये पीतज्वराने मोठा तडाखा दिला, तरी २०२३च्या गणतीत सुमारे ४,८०० भरली.

म्हणजे माकडाला रान मिळालं, सॅलॅमँडरला पेटी. माकड गोजिरवाणं म्हणून, असं म्हणाल तर बाहुली याचीच जास्त खपतात. नोटेवर दोघंही आहेत, हा ५० पेसोच्या, ते २० रियालच्या. मला वाटतं कारण साधं आहे. याला घर द्यायचं तर अख्ख्या शहराला आपली घाण आवरावी लागेल. त्यापेक्षा पेटी स्वस्त! आणि पेटी आहे म्हणून कुणाला टोचतही नाही.

बरं, होत नाही म्हणावं तर तेही नाही. सोचिमिल्कोतले काही शेतकरी कालव्यांच्या तोंडाशी गाळण्या लावून मासे बाहेर ठेवतात. पैदास केलेले १८ ॲक्सोलॉटल बाहेरच्या पाण्यात सोडून पाहिले, पाळत ठेवली तेवढ्या काळात सगळे जगले. २०२५मध्ये तो अभ्यास छापून आला.

भाऊजी, रविवारी येतेय. उरलेलं भांडण तेव्हा. ताईला म्हणावं, भरली वांगी कर.