भिंतीवरची खादी

हातमागाच्या वस्त्रास सांप्रत कलादालनांत मानाचे स्थान मिळू लागले आहे. विणलेला पट भिंतीवर टांगावयाचा, शेजारी कलावंताचे नाव लिहावयाचे, आणि या धाग्यांतून अस्मितेचा व परंपरेचा शोध घेतला आहे असे निवेदन जोडावयाचे, ही रीत आता रूढ झाली आहे. वस्त्र ही कला आहे, याविषयी आमचा वाद नाही. आमचा आक्षेप आहे तो ‘परंपरा’ हा शब्द इतक्या स्वस्तात वापरण्यास. आणि तो आम्ही वर्ध्याच्या खादीवरून मांडतो.

पैठणीच्या पदरावर मोर असतो. वर्ध्याच्या खादीस अशी कोणती खूण आहे? नक्षी शोधणारास ती सापडावयाची नाही, कारण या खादीचा वारसा नक्षीत नसून हिशेबात आहे. आठ तासांच्या कताईस आठ आणे मिळावेत, असा आग्रह गांधीजींनी १९३५ साली धरला. एकदम तेवढा दर देणे चरखा संघास जमले नाही. तथापि निर्वाहापुरत्या मजुरीचे तत्त्व त्याने मान्य केले, आणि त्यापायी खादी महाग झाली तरी ते सोडले नाही. वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबांनी तर केवळ कताईच्या मजुरीवर स्वतः निर्वाह करून पाहिला. कापडाची किंमत कातणाऱ्या हातापासून मोजावयाची, हीच येथील परंपरा. १९३८ साली गांधीजींनी वर्ध्यास उघडलेल्या मगन संग्रहालयातही तयार मालाबरोबर तो करण्याची साधने मांडलेली होती, ती याच दृष्टीने.

यावर कोणी म्हणेल, की कलावंतांनी हात दिला नाही तर माग बंद पडतील. २०२१ च्या अखेरीस ध्वजसंहिता बदलून राष्ट्रध्वजासही यंत्रावर विणलेले पॉलिएस्टर चालेल असे ठरले, मग खादीस आश्रय कोणाचा? आश्रय हवाच, हे आम्हांस मान्य आहे. परंतु आश्रयदात्याने आश्रिताचे नाव पुसावे, असा नियम कोठे आहे? ज्या पटाच्या निवेदनात कातणारीचे नाव नाही, विणकराच्या मजुरीचा उल्लेख नाही, आणि कापूस कोणत्या शिवारातला याचा पत्ता नाही, त्या पटातून अस्मिता कोणाची प्रकट झाली? टांगणाराची, विणणाराची खास नव्हे.

आमची मागणी अवघड नाही. कलावंताच्या नावाखाली कातणारीचे व विणकराचे नाव त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे, आणि त्यांस मिळालेली मजुरीही लिहावी. हे दोन आकडे लिहिताना ज्याची लेखणी अडखळेल, त्याने सूत खुशाल वापरावे. वारशाचे नाव मात्र घेऊ नये.