पडवी बदला, पण सांधे आवळून

कोकणातल्या जुन्या घराची डागडुजी निघाली की पहिला विषय पडवीचा असतो. खांब वाळवीने पोखरलेले, वासे वाकलेले, पावसाची झड थेट दारापर्यंत. ती बदलायला हवी, यात वाद नाही. वाद आहे तो तिच्या जागी काय उभे करायचे याचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनारा घासून गेले. अशा वादळांनंतर ‘एकदाचा स्लॅब टाका आणि मोकळे व्हा’ हा सल्ला हमखास मिळतो. त्यामागची भीती रास्त आहे, उपाय मात्र चुकीचा. साधे छप्पर टिकते ते सांध्यांच्या जोरावर.

हिशेब मांडून पाहा. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भरतो. तेवढ्या जागेतल्या पंधराएक मंगलोरी कौलांचे वजन जेमतेम तीस-पस्तीस किलो, पत्र्याचे तर पाचेक किलो. पडवी तीन बाजूंनी उघडी, त्यामुळे वारा छपराला खालून उचलतो आणि वरूनही ओढतो. नुसते टेकवलेले कौल अशा वेळी उडणारच. तेच वासे खांबांना लोखंडी पट्टी-बोल्टने जखडले, खांबांचे पाय जोत्यात पक्के आवळले, पावळीकडची कौले आणि कोने तारेने बांधले, पावळी बेताची ठेवली, तर छप्पर तगण्याची शक्यता कितीतरी वाढते.

चार इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला अडीचशे किलो. तो उडत नाही, हे खरे. पण हा भार जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर टाकता येत नाही, त्याला स्वतंत्र पाया लागतो. नवा पाया आणि जुने जोते सारखे खचत नाहीत. मग चीर पडते ती दोन्ही बांधकामांच्या सांध्यात, जिथे घराच्या कौलांवरचे सगळे पाणी येऊन पडते. शिवाय मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडत राहतो, आणि पडवीत बसायची वेळ नेमकी तीच.

शाकारायला माणूस मिळत नाही, वानरे कौले फोडतात, सागवान परवडत नाही, हे आक्षेप खोटे नाहीत. त्यासाठी लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर बोल्टने आवळलेला पत्रा आणि वर कौले ही रचना चांगली. कौल फुटले तरी गळत नाही आणि पत्रा थेट उन्हात तापत नाही. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, पण पाइपावरचा गंज दिसतो, खरवडून रंग देता येतो. स्लॅबमधली सळई गंजल्याचे बहुधा गिलावा पडू लागल्यावरच कळते. उरला प्रश्न पावसाच्या झडीचा आणि उबेचा. पूर्वी पावसाळ्यात उघडी बाजू झावळ्यांच्या झापांनी बंद करत, आता तिथे निळी ताडपत्री फडफडते. त्याऐवजी लाकडी झडपा बसवल्या तर आषाढात पडवी कोरडी आणि उबदार राहील, उन्हाळ्यात त्या उघडता येतील, आणि वादळात घट्ट लावल्या तर खालून शिरणारा वाराही बराच अडेल. ठेकेदार प्रत्येक वासा खांबाला कशाने बांधणार आहे, हे अंदाजपत्रकात लिहून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम द्या.