विश्लेषण : सुट्टीच्या दिवशीच डिस्नेत गर्दी कमी का?

४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी फ्लोरिडातील ‘मॅजिक किंगडम’मध्ये पाय ठेवायला जागा नसेल, असेच कोणालाही वाटेल. मात्र ‘टूरिंग प्लॅन्स’च्या नोंदींनुसार तेथे राइडसाठीची सरासरी प्रतीक्षा २०१९ मध्ये ४७ मिनिटे होती, ती २०२३ मध्ये २७ मिनिटांवर आली. उकाडा आहेच, पण दरपत्रकही पाहायला हवे. २०१८ पासून येथे विमानाप्रमाणे तारखेनुसार तिकीटदर बदलतात. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये तर ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वस्त दिवसाचे तिकीट १०४ डॉलर आणि सर्वांत महागड्या दिवसाचे २०६ डॉलर झाले. साहजिकच, ज्यांना जमते ते सुट्टी टाळतात. शाळकरी मुलांच्या पालकांना तो पर्याय नाही.

त्यात मोफत ‘फास्टपास’ जाऊन २०२१ मध्ये सशुल्क रांग आली. राइडची तासाची क्षमता तेवढीच; पैसे भरणारे पुढे गेले की साधी रांग रखडते.